न शोधता गवसलेले

गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी आपल्या लग्नाची नोंद करण्यासाठी माझ्याकडे आली. कागदपत्रे झाली, तारीख ठरली आणि जाता जाता तिने एक प्रश्न विचारला, "फादर, सेरेंडिपिटीला मराठीत काय म्हणतात?" तिची आणि तिच्या भावी पतीची ओळख चुकीच्या बसमध्ये झाली होती. बस चुकीची, पण माणूस बरोबर! लग्नाच्या स्वागतसमारंभात चार शब्द बोलताना हा प्रसंग मराठीत सांगावा, म्हणजे आजीलाही कळेल, अशी तिची इच्छा होती. मी चटकन 'योगायोग' म्हणालो. तिने मान हलवली. "योगायोग चांगलाही असतो, वाईटही असतो. मला फक्त चांगला हवा आहे."

मुलगी हसत निघून गेली. प्रश्न मात्र माझ्याकडे राहिला. हा शब्द मला नवा नव्हता. अठरा वर्षांपूर्वी मी तो एकदा भर प्रवचनात वापरला होता, आणि त्यानंतर पुन्हा कधीच नाही. त्याचे कारण या लेखात सांगायचे आहे. पण आधी त्या शब्दाविषयी.

शब्दांचे जन्मदिवस सहसा कोणाला ठाऊक नसतात. या शब्दाचा मात्र ठाऊक आहे. २८ जानेवारी १७५४ रोजी होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने फ्लॉरेन्समध्ये राहणाऱ्या आपल्या होरेस मान नावाच्या मित्राला पत्र लिहिले. मान तेथे ब्रिटनचा राजदूत होता आणि त्याने वॉलपोलला बियांका कापेल्लो या सरदारस्त्रीचे एक चित्र पाठवले होते. व्हेनिसमधील घराण्यांची मानचिन्हे असलेले एक जुने पुस्तक चाळताना वॉलपोलला कापेल्लो घराण्याविषयी एक दुवा अचानक सापडला. तो आनंद मित्राला कळवताना त्याने सांगितले, की अशा शोधांसाठी मी 'सेरेंडिपिटी' असा एक शब्द बनवला आहे. पूर्वी वाचलेल्या सेरेंडिपच्या तीन राजपुत्रांच्या गोष्टीवरून तो सुचला. ते राजपुत्र प्रवासात नेहमी काही ना काही शोधून काढीत, पण जे शोधायला निघालेले नसत तेच. आणि ते दोन गोष्टींच्या बळावर: एक योगायोग आणि दुसरी चाणाक्षपणा.

सेरेंडिप म्हणजे आपल्या शेजारची श्रीलंका. सिंहलद्वीप या संस्कृत नावाचे अरबी खलाशांच्या तोंडी 'सरनदीब' झाले आणि युरोपात त्याचे 'सेरेंडिप' झाले. गोष्टही आपल्याच बाजूची. दिल्लीच्या अमीर खुस्रोने सुमारे १३०२ मध्ये लिहिलेल्या 'हश्त बिहिश्त' या फारसी काव्यात ती आहे. पुढे १५५७ मध्ये व्हेनिस येथे ती इटालियन भाषेत छापली गेली. तेथून फ्रेंच, फ्रेंचमधून इंग्रजी. सिंहलद्वीपातून निघालेला हा शब्द अशी जगप्रदक्षिणा करून आपल्या अंगणात परत आला, आणि आपण त्याला परका समजून त्याचा मराठी अर्थ विचारत बसलो आहोत!

गोष्ट अशी आहे. वाटेने जाणाऱ्या तीन राजपुत्रांना एक उंटवाला भेटतो. त्याचा उंट हरवलेला असतो. राजपुत्र विचारतात, "तो एका डोळ्याने आंधळा होता का? त्याचा एक दात पडला होता का? तो लंगडत होता का? त्याच्या पाठीवर एका बाजूला लोणी आणि दुसऱ्या बाजूला मध होता का?" सारे जुळते. उंटवाल्याला वाटते, हेच चोर. त्यांना राजापुढे उभे केले जाते. तेव्हा ते सांगतात, की आम्ही उंट पाहिलेलाच नाही. रस्त्याच्या एकाच बाजूचे, तेही कमी प्रतीचे गवत खाल्लेले होते, म्हणून तो एका डोळ्याने आंधळा. चघळलेल्या गवताचे दाताएवढे गोळे वाटेत पडले होते, म्हणून दात नाही. एका पायाची फरफट मातीत उमटली होती, म्हणून लंगडा. एका कडेला मुंग्या लागल्या होत्या, म्हणून लोणी. दुसऱ्या कडेला माश्या घोंगावत होत्या, म्हणून मध.

वॉलपोलच्या आठवणीत त्या उंटाचे खेचर झाले होते, पण गोष्टीचे मर्म त्याने अचूक पकडले होते. वाट सर्वांनाच मोकळी होती. मुंग्या आणि माश्या उंटवाल्यानेही पाहिल्या असतील, पण त्याला त्या काही सांगू शकल्या नाहीत.

पुढे हा शब्द दीर्घकाळ झोपून राहिला. वॉलपोलची मानला लिहिलेली पत्रे १८३३ मध्ये छापली गेली, तरी कोणी त्याला हात लावला नाही. १८७५ मध्ये एडवर्ड सॉली या ग्रंथप्रेमी गृहस्थाने तो एका नियतकालिकातून पुन्हा लोकांसमोर आणला. त्यानंतर आधी जुन्या पुस्तकांचे संग्राहक आणि मग शास्त्रज्ञ तो वापरू लागले. लंडनच्या प्रयोगशाळेत अलेक्झांडर फ्लेमिंग १९२८ च्या सप्टेंबरमध्ये सुट्टीवरून परतले आणि जंतूंच्या एका बशीत बुरशी चढलेली त्यांना दिसली. बुरशीभोवतीचे जंतू नाहीसे झाले होते. त्यातून पेनिसिलिनचा शोध लागला. बुरशी चढलेल्या बश्या त्याआधीही अनेकांनी पाहिल्या असतील, आणि धुऊन ठेवल्या असतील. आता हा शब्द चित्रपटांना आणि दुकानांनाही मिळतो. मात्र या प्रवासात त्याचा अर्धा अर्थ गळून पडला. योगायोग उरला; चाणाक्षपणा हरवला. आज कोणाला रस्त्यात पाकीट सापडले तरी तो सेरेंडिपिटी म्हणतो. मराठीत आपण त्याला 'घबाड' म्हणतो, आणि तोच शब्द योग्य आहे.

आपल्या भाषेत योगायोगासाठी शब्दांची वाण नाही. 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला' ही म्हण सर्वांना पाठ आहे. तिच्या मागे संस्कृतातील काकतालीय न्याय आहे. 'आंधळ्याच्या गाई देव राखतो' असे आपण म्हणतो, त्यात योगायोगाबरोबर कृपाही आली. पण मला सर्वांत जवळचा वाटतो तो घुणाक्षर न्याय. घुण म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. तो आपल्या भुकेपोटी लाकूड कुरतडत जातो आणि कधीतरी त्या कुरतडण्यातून एखादे अक्षर उमटते. किड्याला अक्षराचा पत्ता नसतो. जुन्या पंडितांनी हा न्याय केवळ योगायोगाचे उदाहरण म्हणून दिला. मला मात्र त्यात एक दुसरा माणूस दिसतो. तो लाकडापाशी थांबलेला आहे आणि त्याला वाचता येते. तो नसता तर ते अक्षर नसतेच, केवळ भोक असते.

आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाने तर अशा एका गवसण्याचा आनंद प्रत्यक्ष अनुभवला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोमंतकात रोमन लिपीत छापले गेले. सतराव्या शतकातील त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ मध्ये मंगळूरला ते हस्तलिखितांवरून पुन्हा रोमन लिपीतच छापले गेले. नंतर १९२० च्या दशकात जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने लंडनमधील एका संग्रहात देवनागरी लिपीतील ख्रिस्तपुराणाचे हस्तलिखित असल्याचे जगाला कळवले. तो संग्रह होता विल्यम मार्सडेन यांचा. हे मार्सडेन सुमात्रा बेटावर नोकरी केलेले आणि त्या बेटाचा इतिहास लिहिणारे गृहस्थ. त्यांचे निधन १८३६ साली झाले. म्हणजे ते हस्तलिखित कितीतरी वर्षे तेथेच होते. त्याला मराठी जाणणारा, आपल्या संतकवींच्या ओव्या वाचलेला डोळा हवा होता. तो अ‍ॅबट यांच्या रूपाने मिळाला. आणि गंमत अशी, की मार्सडेन यांचा जन्म १७५४ चा, ज्या वर्षी वॉलपोलने आपला शब्द घडवला त्याच वर्षीचा. हा मात्र निव्वळ कावळा आणि फांदी!

आता माझ्या प्रवचनाकडे येतो.

२००७ च्या जून महिन्यात माझी वसई भागातील एका धर्मग्रामात बदली झाली. मी सदतिशीत होतो, वाचन बरे होते आणि ते लोकांना दाखवण्याची हौसही होती. ११ जुलै २००६ रोजी संध्याकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर लोकलगाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले होते आणि १८० हून अधिक माणसे प्राणांस मुकली होती. त्या घटनेला वर्ष पूर्ण होत होते. ८ जुलैच्या रविवारच्या मिस्सेत मी त्याविषयी बोलायचे ठरवले. माझा एक शाळासोबती त्या दिवशी वहाणेचा अंगठा तुटला म्हणून चांभारापाशी थांबला आणि त्याची रोजची गाडी चुकली. त्याच गाडीत स्फोट झाला. मी ही हकिगत रंगवून सांगितली. वॉलपोल सांगितला, राजपुत्र सांगितले, आणि शेवटी म्हणालो, की श्रद्धावंताच्या जीवनात अपघात नसतात. तुटलेल्या अंगठ्यातही देवाची योजना असते. लोक तन्मय होऊन ऐकत होते. मी स्वतःवर खूश होतो.

मिस्सेनंतर एक बाई साक्रिस्तीच्या दाराशी आल्या. वय चाळिशीच्या आत. त्यांनी शांतपणे विचारले, "फादर, माझ्या नवऱ्याच्या वहाणेचा अंगठा तुटला नाही. त्यात कोणाची योजना होती?"

मी नवीन होतो, मला ठाऊक नव्हते, ही सबब खरी होती, पण ती माझ्या ओठांवर आली नाही. वर्षभर ज्या कुटुंबाच्या दुःखात सारे गाव सहभागी होते, त्याची साधी चौकशीही न करता मी व्यासपीठावरून देवाच्या योजनांचे वाटप केले होते. एकाला सुखद योगायोग दिला, आणि तेवढ्याच वाक्यात, नकळत, दुसरीच्या पदरात त्याची उलटी बाजू टाकली. त्या निघून गेल्या. मी तसाच उभा राहिलो.

दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी क्षमा मागायला गेलो. त्यांनी चहा दिला. क्षमेविषयी त्या काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "फादर, एक काम कराल? भरपाईच्या कागदांत यांच्या जन्मतारखेचा घोळ झाला आहे. शाळेच्या दाखल्यात एक तारीख, दुसरीकडे दुसरी. बाप्तिस्म्याचा दाखला मिळाला तर बरे होईल." फेब्रुवारी १९६२ चा जन्म, एवढे त्यांना सासूकडून ऐकून ठाऊक होते. सासूबाई हयात नव्हत्या.

मी त्याच संध्याकाळी नोंदवही काढली. फेब्रुवारी पाहिला, मार्च पाहिला. त्या काळी मुलाला जन्मल्यावर थोड्याच दिवसांत बाप्तिस्म्यासाठी आणीत, म्हणून पुढे पाहण्याचे मला सुचले नाही. १९६१ पाहिले, १९६३ पाहिले. नाव नाही. मी त्यांना तसे कळवले. त्या म्हणाल्या, "असू द्या, फादर." त्या 'असू द्या'ने मला जास्त लागले.

पुढच्याच आठवड्यात एक गृहस्थ आले. त्यांना परदेशी जाण्यासाठी स्वतःचा दाखला हवा होता. त्यांची नोंद मे १९६२ ची होती. पान उघडले, त्यांचे नाव मिळाले, आणि उतरवून घेताना वरच्या ओळीच्या समासात बारीक अक्षरांत लिहिलेले तीन लॅटिन शब्द दिसले: 'ओब पेरिकुलुम मॉर्तिस'. म्हणजे, मृत्यूच्या धोक्यामुळे.

आम्ही गोरेगावच्या सेमिनरीत होतो तेव्हा आमच्यापैकी कित्येकांना लॅटिन नकोसे वाटे. मिस्सा मराठीत होऊ लागून बरीच वर्षे झाली होती. ज्या भाषेत कोणी भाजीही विकत घेत नाही, तिची रूपे पाठ करून काय मिळणार, असे आम्ही आपसांत म्हणत असू. त्या दिवशी त्या रूपांचे मोल मला कळले. मी ओळ पूर्ण वाचली. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, सारे जुळत होते. त्या बाईंच्या पतीचीच नोंद होती ती! फेब्रुवारीतील जन्मतारीख दिली होती आणि पुढे लिहिले होते, की जन्माच्याच रात्री, मूल जगेल असे वाटत नसल्यामुळे, घरीच सुइणीच्या हस्ते बाप्तिस्मा झाला. उरलेले विधी मे महिन्यात चर्चमध्ये पूर्ण करण्यात आले. आपल्याला ठाऊक आहेच, की मृत्यूच्या संकटात कोणीही हा संस्कार देऊ शकतो. मूल वाचले, अंगाने भरले, तेव्हा कोठे त्याला चर्चमध्ये आणले. म्हणून नोंद मे महिन्यात होती, आणि म्हणून मला ती सापडली नव्हती.

दाखला घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. समासातली ती टीपही त्यांना वाचून दाखवली. त्यांना हे काहीच माहीत नव्हते. त्यांनी दोनदा विचारले, "जगेल असे वाटत नव्हते?" मग बराच वेळ त्या गप्प बसल्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे एका रात्रीचाही भरवसा नव्हता, आणि चव्वेचाळीस वर्षे मिळाली."

माझ्या जिभेवर वाक्य आले होते. एका महिन्यापूर्वी मी ते बोललोही असतो, आणि त्यावर एक चांगले प्रवचनही रचले असते. मी ते गिळले. बरे केले, कारण पुढच्याच क्षणी त्या म्हणाल्या, "पण फादर, त्या रात्री वाचले हा योगायोग म्हणायचा, की त्या संध्याकाळी वाचले नाहीत, हा?"

याचे उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हते आणि आजही नाही. दैवी नियोजनावर आम्ही सेमिनरीत पुष्कळ शिकलो. माझा त्यावर विश्वास आहे. पण नियोजनावर विश्वास असणे वेगळे आणि त्याचा नकाशा आपल्या खिशात असल्यासारखे बोलणे वेगळे. मी एवढेच म्हणालो, "ताई, मला माहीत नाही." त्या घरात मी बोललेले ते पहिले उपयोगी वाक्य असावे. त्यानंतर त्या पतीविषयी मोकळेपणाने बोलू लागल्या. ती सुईण अजून गावात होती. नव्वदीच्या घरात, पण स्मृती शाबूत. बाई तिला भेटून आल्या, मुलांनाही घेऊन गेल्या. तिथे काय बोलणे झाले ते मी विचारले नाही.

या प्रसंगातून मला त्या शब्दाचा उपयोग कळला. सेरेंडिपिटी हा प्रथमपुरुषी शब्द आहे. ज्याच्या बाबतीत घडले त्यानेच, मागे वळून पाहताना, तो उच्चारावा. दुसऱ्याच्या आयुष्यातील घटनेवर बाहेरून चिकटवण्याची ती चिठ्ठी नव्हे. माझ्या शाळासोबत्याने, "मी वाचलो, देवाची कृपा," असे म्हटले तर ती प्रार्थना आहे. तेच मी व्यासपीठावरून त्याच्या वतीने म्हटले, तर ते दुसऱ्या कोणावर तरी अन्याय करणारे विधान होते.

पवित्र शास्त्र याबाबतीत किती संयमी आहे! शौल आपल्या बापाची हरवलेली गाढवे शोधायला निघतो आणि शमुवेलाकडून अभिषेक घेऊन परततो. रूथ पोटासाठी सरवा वेचायला निघते. शेत कोणाचे हे तिला ठाऊक नसते, आणि ते निघते बवाजाचे. तेथे लेखक देवाच्या योजनेचा गाजावाजा करीत नाही. ती सहज त्या शेतात आली, एवढेच सांगून तो पुढे जातो. रूथने नवरा गमावलेला आहे, नामीने नवरा आणि दोन मुले. त्या दुःखाला हे शेत मिळण्याची पूर्वतयारी म्हणण्याचे धाडस ग्रंथकार करीत नाही. मग मी कोण?

त्या लग्न ठरलेल्या मुलीला मी गेल्या उन्हाळ्यात काय उत्तर दिले, ते सांगून थांबतो. मी तिला म्हणालो, की नाम शोधू नकोस, क्रियापद घे. आपल्याकडे 'गवसणे' आहे. त्याची वाक्यरचना पाहा. इंग्रजीत शोधणारा कर्ता होऊन पुढे उभा राहतो. मराठीत आपण 'मला गवसले' म्हणतो. 'मी' बाजूला सरकतो, त्याला चतुर्थी लागते, आणि वाक्याचा कर्ता होते ती गवसलेली वस्तू. आपण फक्त तेथे हजर असतो, डोळे उघडे ठेवून. आपल्या पूर्वजांनी व्याकरणातच ही नम्रता घालून ठेवली आहे.

लग्नात ती मुलगी म्हणाली, "मी ऑफिसला निघाले होते, आणि मला हे गवसले." आजी पहिल्या रांगेत होती. तिला कळले, ती मोठ्याने हसली.

त्याच रांगेत, दोन खुर्च्या पलीकडे, माझ्या त्या जुन्या धर्मग्रामातील ताई बसल्या होत्या. नवरदेव त्यांचा पुतण्या होता. हे मला त्या दिवशीच कळले. जेवणाच्या वेळी त्यांनी माझ्या ताटात लाडू वाढला आणि म्हणाल्या, "फादर, आज प्रवचन थोडक्यात आटोपलेत."